विदर्भातील झाडछाटणीचा स्वतंत्र व्यवसाय आणि त्यासाठी लागणारी वाहने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील आर्वी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांत, तसेच लगतच्या संत्रा पट्ट्यात मी झाडांची छाटणी आणि धोकादायक झाडे उतरवण्याचे काम स्वतंत्रपणे करतो. माझ्याकडे कोणाची नोकरी नाही आणि पगारही नाही. दोर, लाकूड कापायचे पेट्रोलवरचे मशीन (चेनसॉ), एक छोटी मालवाहू गाडी, एक मोटारसायकल आणि दोन सहकारी एवढाच संसार आहे. ज्यांच्या वावरात मी काम करतो ते शेतकरी आणि या कामात येऊ पाहणारी गावाकडची मुले जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हे काम लाकूडतोडीपेक्षा वेगळे कसे?

लाकूड तोडणाऱ्याचे काम झाड आडवे झाले की संपते. माझे झाड मात्र बहुतेक वेळा उभेच राहते आणि दोन-तीन वर्षांनी मला त्याच झाडाखाली परत यावे लागते. घरावर आलेली कडुनिंबाची फांदी उतरवणे, गोठ्यावर झुकलेल्या चिंचेचा भार हलका करणे, संत्र्याच्या बागेतील सल, म्हणजे वाळलेल्या काड्या आणि फांद्या, काढणे, वादळात अर्धवट मोडून लटकलेला फाटा सुरक्षितपणे खाली घेणे अशी ही कामे आहेत. संपूर्ण झाड काढण्याची वेळ येते, परंतु ते शेवटचे उत्तर असावे असे मी मानतो. मालक पहिल्याच भेटीत "भाऊ, बुडापासूनच कापून टाका न" असे म्हणतात, तेव्हा मी झाडाभोवती एक फेरी मारून नेमकी भीती कशाची आहे हे विचारून घेतो. बहुतेकदा ती एका फांदीची असते.

वर्षभर काम मिळते का?

मिळते, परंतु सारखे मिळत नाही. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरतात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. त्यानंतर सल काढण्याचे काम बागांमध्ये सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत पावसाळ्यापूर्वीची कामे एकदम अंगावर येतात, कारण पहिले वादळ छपरावरच्या फांद्या मोजते हे सर्वांना तेव्हाच आठवते. जून ते सप्टेंबर या काळात पडलेली झाडे उचलण्याचे काम असते. मोहोर असताना आंबा आणि फुले गळत असताना मोह यांना मी हात लावत नाही. आंब्याची छाटणी फळे उतरल्यानंतर करावी. मोहाच्या बाबतीत तर पूर्व विदर्भातील अनेक घरांचे मार्च-एप्रिलमधील उत्पन्नच त्या झाडाखाली वेचले जाते.

उन्हाळ्यातील दिवस पहाटे सुरू होतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या दिवसांत आम्ही साडेपाचला झाडाखाली असतो आणि दहा-साडेदहाला माणूस खाली उतरवतो. हेल्मेट आणि पट्टे बांधून वर असलेल्या माणसाला उष्माघात झाला, तर त्याला खाली आणण्याचे काम मूळ कामापेक्षा अवघड होते. नवतपा लागला, म्हणजे २५ मेपासूनचे दिवस आले, की मी चढाईची कामे शक्य तितकी पुढे ढकलतो.

सुरुवातीला कोणते वाहन घ्यावे?

सुरुवात मोटारसायकलवर करावी, हे माझे स्पष्ट मत आहे. पाहणीसाठी, संत्र्याची सल काढण्यासाठी आणि लहान छाटणीसाठी तिच्यावर एक मशीन, दोर आणि हातकरवत सहज जाते. मशीनच्या पात्याला आवरण घालावे, टाकीचे झाकण वर राहील असे ते उभे बांधावे आणि पेट्रोल पाण्याच्या बाटलीत न नेता धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावे. काम वाढले आणि दुसऱ्या माणसाचे साहित्यही नेण्याची गरज पडली, की छोट्या मालवाहू गाडीचा विचार करावा.

आमच्याकडे ज्या गाडीला सगळे छोटा हत्ती म्हणतात, ती टाटा एस मी वापरतो. तिचा हौदा सुमारे सात फूट लांब आहे, अरुंद गल्लीत ती वळते आणि गावातला मेकॅनिक तिला ओळखतो. बोलेरो पिकअप जास्त वजन उचलते आणि खराब रस्त्यावर अधिक दमदार आहे, परंतु तिचा हप्ता आणि तिचे डिझेल दोन्ही त्या प्रमाणात मोठे असतात. काळ्या मातीत पहिला जोरदार पाऊस झाला, की दोन्ही गाड्या पांदण रस्त्यावर सारख्याच असहाय होतात. चाकांना चिकटलेल्या चिखलाने मडगार्ड भरते आणि गाडी जागीच रुतते. म्हणून पावसाळ्यात गाडी डांबरी सडकेवर उभी करून साहित्य खांद्यावर किंवा शेतकऱ्याच्या बंडीत (बैलगाडीत) पुढे नेण्याची तयारी ठेवावी.

टायरांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बाभळीचे काटे हा या धंद्यातला रोजचा खर्च आहे. छाटलेल्या बाभळीच्या फांद्या गाडीच्या वाटेवर कधीही पडू देऊ नयेत, पंक्चरचे साहित्य आणि हवेचा पंप गाडीतच ठेवावा, आणि निघण्यापूर्वी चारही टायरांवरून डोळा फिरवावा, कारण काटा आत शिरल्यानंतर हवा बहुधा परतीच्या वाटेवर, अंधारातच जाते.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेतली तर जास्त कमाई होणार नाही का?

मला हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. सुरुवातीच्या काळात मी हप्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉली घेतली होती. दर महिन्याला हप्ता भरायचा होता आणि रिकामी ट्रॉली घरी आणणे परवडत नव्हते, त्यामुळे काम ठरवताना माझी नजर झाडावरून नकळत लाकडाच्या ढिगावर जाऊ लागली. एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावरील, म्हणजे शेताच्या बांधावरील, जुन्या आंब्याचा एक वाळका फाटा काढण्यासाठी मला बोलावले होते. मी त्या काकांना समजावून त्या झाडाचा सगळा शेंडा उतरवला आणि ट्रॉली भरून नेली. पुढच्या वर्षी त्या आंब्याला दाट, कमकुवत फुटवे आले, उघड्या पडलेल्या जाड फांद्यांची साल उन्हाने भाजून तडकली आणि तिसऱ्या वर्षी ते झाड वाळले. काका मला काही बोलले नाहीत. मी मात्र त्या धुऱ्याजवळून जातो तेव्हा आजही ती रिकामी जागा पाहतो.

त्यानंतर मी ट्रॉली विकली. वाहन जेवढे मोठे, तेवढे ते लाकूड मागते. ज्याला ठेक्याने पूर्ण झाडे काढण्याचेच काम करायचे आहे त्याला ट्रॅक्टर आवश्यक असेल. छाटणी करणाऱ्याने मात्र तो गरजेच्या दिवशी भाड्याने घ्यावा, कारण प्रत्येक गावात ट्रॅक्टर आहेत आणि त्यांचे मालकही कामाच्या शोधात असतात.

गाडीत किती लाकूड भरावे?

डोळ्यांना वाटते त्याच्या निम्मे. ओल्या लाकडाचे वजन ढोबळमानाने एका घनमीटरला एक टन धरावे. एक फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका यावरून सुमारे दोनशे किलोंचा होतो. साडेसातशे किलो वाहून नेणाऱ्या गाडीत असे तीन ओंडके, दोर, मशीन आणि डबे ठेवले की मर्यादा जवळपास गाठली जाते, मग हौदा कितीही रिकामा दिसो. फांद्या आणि पाला यांचे अगदी उलटे आहे. त्यांना वजन नसते, परंतु त्या पाहता पाहता हौद्याच्या वर जातात आणि विजेच्या तारांपर्यंत पोहोचतात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. माल बाजूने, समोर, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर आलेला असल्यास त्यासाठीही २०,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे. म्हणून लाकूड हौद्याच्या लांबीपेक्षा आखूड कापावे. आणखी दोन काप घेण्याचा कंटाळा फार महाग पडू शकतो.

वाहनाची कोणती कागदपत्रे लागतात?

व्यवसायासाठी वापरायची मालवाहू गाडी परिवहन वाहन म्हणूनच नोंदवावी, म्हणजे पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे. तिचे फिटनेस प्रमाणपत्र पहिल्या आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावे लागते. ज्या मालवाहू वाहनाचे भारासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, त्याला वेगळे परमिट लागत नाही. चालकाच्या परवान्याबद्दल बराच गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालानुसार, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते.

शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याच्या कामावर वापरला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. भाड्याने ट्रॅक्टर घेताना हा प्रश्न मालकाला आधी विचारावा. मजुरांना भरलेल्या लाकडांवर बसवून आणण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती बंद झाली पाहिजे. ब्रेक लागताच ओंडका पुढे सरकतो आणि त्याच्या वाटेत माणूस असतो.

काम लाकडाच्या बदल्यात करता का?

नाही. "लाकूड तुम्ही घेऊन जा, पैसे मागू नका" हा व्यवहार मालकाला स्वस्त वाटतो. परंतु ज्याचा मोबदला लाकडात आहे, त्याचा फायदा जास्त कापण्यात असतो, मग तो माणूस कितीही सज्जन असो. मी मजुरी पैशात ठरवतो आणि लाकूड मालकाच्याच अंगणात रचून देतो. मालकाला जळतन नको असेल तर ते कोणाला द्यायचे हे त्यानेच ठरवावे.

फांदी कापण्याची योग्य पद्धत कोणती?

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीला वळी पडल्यासारखा एक फुगवटा असतो. जखम भरून काढणाऱ्या पेशी तिथेच तयार होतात, म्हणून काप त्या फुगवट्याच्या किंचित बाहेर घ्यावा. खोडाशी सपाट कापल्यास फुगवटा जातो आणि लांब खुंट ठेवल्यास तो कुजून रोग खोडात उतरतो. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवले, की झाड जखम दुरुस्त करत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती भिंत बांधते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते.

जड फांदी एका कापात कधीही उतरवू नये. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप घ्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडावी आणि उरलेला खुंट शेवटी फुगवट्याशी कापावा. हा क्रम चुकला की फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट लावण्याची सवय आपल्याकडे आहे. त्याने सामान्य झाडांना लाभ होत नाही. संत्र्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे डिंक्यासारख्या बुरशीजन्य रोगांपासून बचाव म्हणून बोर्डो पेस्ट लावली जाते, ज्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण वापरतात. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये.

ट्रॅक्टरने ओढून झाड पाडावे का?

गावात हे दृश्य नेहमी दिसते आणि मला दर वेळी धडकी भरते. दोर ट्रॅक्टरच्या मागच्या आसापेक्षा उंच जागी बांधला आणि झाड हलले नाही, तर ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलले जाते आणि काही क्षणांत तो चालकावर उलटतो. दोर खालच्या हुकालाच बांधावा. ट्रॅक्टर झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावा. त्याहून चांगले म्हणजे दुसऱ्या भक्कम झाडाला कप्पी लावून ओढ वळवावी, म्हणजे ट्रॅक्टर पडण्याच्या रेषेतच येत नाही. ताणलेल्या नायलॉन दोराजवळ कोणीही उभे राहू नये, कारण तो तुटला की चाबकासारखा परत येतो.

दोराचे काम केवळ दिशा देण्याचे आहे. झाड कोणत्या बाजूला पडेल हे खाचेने आणि बिजागरीने ठरते. पडण्याच्या बाजूला बुंध्याच्या जाडीच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खाच घ्यावी. मागून कापताना जाडीच्या दहाव्या भागाइतकी लाकडाची पट्टी न कापता ठेवावी. हीच बिजागरी. ती कापली गेली की झाड स्वतःच्या मर्जीने पडते.

विजेच्या तारेजवळचे झाड तुम्ही छाटता का?

महावितरणला कळवून वीजपुरवठा अधिकृतपणे बंद झाल्यानंतर आणि लाईनमन जागेवर असतानाच छाटतो. "आता लाईन नाही, पटकन उरकून घ्या" हे वाक्य मी कधीही मान्य करत नाही. शेतीच्या फीडरवर वीज पाळीने येते आणि जाते, त्यामुळे गेलेली वीज कोणत्याही क्षणी परत येऊ शकते. बंद तारेत कोणाच्या तरी जनरेटरमधूनही प्रवाह उलटा येतो. हिरवी फांदी, ओला दोर आणि ओला बांबू यांतून वीज वाहते. ११ केव्हीच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श होण्याची गरजही नसते. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

परवानगी कोणाची घ्यावी लागते?

ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. साग, चंदन, खैर, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, ऐन, बिजा, हळदू, तिवस, अंजन यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबारा घेऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. लाकूड वाहून नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ही वेगळी बाब आहे आणि तो गाडीत नसेल तर चौकशी चालकाची होते, मालक घरी असतो. नगरपंचायत आणि नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू होतो आणि तिथे छाटणीसाठीही अर्ज करावा. धुऱ्यावरच्या झाडाला हात लावण्यापूर्वी मी दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची सही घेतो. धुऱ्याचे भांडण झाडापेक्षा जास्त जगते.

झाडावर मोहोळ किंवा घरटी असल्यास काय करता?

आग्या मोहोळ दिसले की काम थांबते. मशीनच्या आवाजाने आणि धुराने ते उठते आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. पावसाळ्यात गावातल्या चिंचेवर बगळ्यांची वसाहत असेल, तर विष्ठेच्या वासाने लोक त्रासलेले असतात हे खरे. तरीही अंडी आणि पिल्ले असताना ती फांदी उतरवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या विरुद्ध आहे आणि मला ते करवतही नाही. पिल्ले उडून गेल्यावर मी स्वतःहून परत येतो.

दर कसा ठरवता?

हप्ता महिन्याच्या तीस दिवसांनी भागू नये. समजा, गाडीचा हप्ता ९,००० रुपये आहे आणि महिन्यात प्रत्यक्ष काम पंधरा दिवस मिळते, तर त्या गाडीचा रोजचा बोजा ३०० नसून ६०० रुपये आहे. त्यात डिझेल, दोन माणसांची मजुरी, चेन आणि तेल, टायरांची झीज, दोर बदलण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम आणि विमा मिळवावा, मग स्वतःची मजुरी धरावी. अनेक मुले स्वतःची मजुरी शेवटी जे उरेल तेवढी मानतात, आणि उरत काहीच नाही.

साहित्य गाडीत कसे ठेवावे?

दोर आणि पेट्रोल कधीही एका कप्प्यात ठेवू नयेत. पेट्रोल, तेल आणि विशेषतः बॅटरीचे आम्ल दोराला आतून खाते आणि बाहेरून तो चांगलाच दिसत राहतो. सीटमागे उन्हात पडलेला दोरही असाच कमजोर होतो. मी चढण्याचे दोर कापडी पिशवीत, वेगळ्या पेटीत ठेवतो आणि दर वेळी बोटांमधून सरकवून तपासतो. कडक किंवा पातळ लागलेल्या जागी दोर कापून टाकायचा, तो भाग गाठ मारून वापरायचा नाही. नारळाच्या काथ्याचा सोल माणूस पेलण्यासाठी नसतो. मशीनसाठी पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे. ५०:१ असे प्रमाण असेल तर एका लिटरला २० मिली.

अपघाताची काय तयारी ठेवता?

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघाती मृत्यूचे संरक्षण देते. माझ्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येकाचे ते चालू आहे की नाही हे मी दर वर्षी जूनपूर्वी पाहतो. ते पुरेसे नाही, म्हणून स्वतंत्र अपघात विमाही घेतला आहे.

गाडी कामाच्या जागी नेहमी तोंड रस्त्याकडे करून, पडणाऱ्या फांद्यांपासून दूर आणि किल्ली खालच्या सहकाऱ्याला माहीत असलेल्या जागी ठेवून उभी करतो. जखमी माणसाला नेताना गाडी वळवण्यात वेळ जाऊ नये. काम सुरू करण्यापूर्वी १०८ ला सांगता येईल असा पत्ता, म्हणजे सडकेवरील फाटा, पांदण आणि कोणाच्या विहिरीजवळ हे सर्व, एका कागदावर लिहून गाडीच्या काचेमागे लावतो. वावराला घर क्रमांक नसतो.

एकट्याने हे काम करता येते का?

मोटारसायकलवर जाऊन जमिनीवरून सल काढणे एकट्याने करता येते. झाडावर चढून मशीन चालवायचे असेल, तर खाली दोर हाताळणारा आणि गरज पडल्यास वर येऊन मला उतरवू शकणारा दुसरा माणूस हवाच. सहकारी आजारी असेल त्या दिवशी मी मालकाला फोन करून तारीख बदलतो. काही जण रागावतात आणि दुसऱ्याला बोलावतात. ते काम मी जाऊ देतो.